द्रौपदीचा प्रश्न इंग्रजीत विचारून बघ

अगं, विमानतळावर सामान हरवलं तर काउंटरवरच्या बाईशी इंग्रजीत काय बोलायचं, हे तुला तोंडपाठ आहे म्हणतेस. छान. पण तू अजून विमानात बसलेली नाहीस, आणि बसशील तेव्हाही देव करो नि बॅग हरवू नये. हॉटेलात खोली कशी मागावी, वेटरला बिल कसं आणायला सांगावं, ‘फाडफाड इंग्रजी’ छापाच्या पुस्तकांत हेच असतं. ते पाठ करून परीक्षेपुरतं येतं आणि हॉस्टेलच्या पायऱ्या चढेपर्यंत विरून जातं. यात तुझ्या डोक्याचा काही दोष नाही. त्या संवादांत तुझं काही अडलेलंच नसतं, मग ते मनात राहतील तरी कशाला?

मी सांगते ते जरा वेगळं आहे, नाक मुरडू नकोस. महाभारतातून इंग्रजी शीक.

आता तू म्हणशील, ताई, मला नोकरीचा इंटरव्ह्यू द्यायचाय, प्रवचन नाही करायचं. ऐक तर खरं. कर्णाचा सारथी कोण होता, असं तुला भांडी घासताना विचारलं तरी तू मान वर न करता ‘शल्य’ म्हणशील. कीर्तनात ऐकलंस, अमर चित्र कथेत पाहिलंस, 2020च्या टाळेबंदीत दूरदर्शननं ती जुनी मालिका पुन्हा लावली तेव्हा आजीशेजारी बसून एकही भाग चुकवला नाहीस. अनोळखी गोष्ट परक्या भाषेत वाचताना डोक्याला दोन कामं एकदम करावी लागतात, काय घडतंय तेही कळून घ्यायचं आणि कसं सांगितलंय तेही. महाभारतातलं पहिलं काम तुझं लहानपणीच झालंय. अडलेल्या शब्दाचा अर्थ निम्म्या वेळा प्रसंगच सांगून टाकतो. द्यूतसभेत दुःशासन काय ओढतोय, हे बघायला डिक्शनरी लागत नाही.

फक्त कुठलं महाभारत घ्यायचं, इथे सांभाळ. इंटरनेटवर फुकट मिळतं ते बहुतेक किसरी मोहन गांगुलींचं असतं. कलकत्त्याहून 1883 ते 1896 या काळात निघालेलं, आख्खं महाभारत गद्य इंग्रजीत. काम थोर, त्याबद्दल वाद नाही. पण त्यातलं इंग्रजी जुन्या वळणाचं, ‘दाऊ’ नि ‘दी’वालं. ते शिकून उद्या ऑफिसात रजेचा अर्ज लिहिलास तर साहेबाला वाटेल हस्तिनापुराहून दूत आला. राजाजींचं घे. राजगोपालाचारींचं महाभारत भारतीय विद्या भवननं 1951मध्ये काढलं, अजूनही स्वस्तात मिळतं. प्रकरणं छोटी, वाक्यं सरळ. रोज झोपण्याआधी एक प्रकरण, एवढंच. मध्येच ते जरा उपदेश करतात, तो गोड मानून घे. आजोबांच्या वयाच्या माणसाकडून तेवढं चालायचंच.

पण वाचून कळणं वेगळं आणि तोंडातून येणं वेगळं. तुझी गाडी अडलीय ती तोंडापाशी. त्यासाठी नाटक लागतं, आणि नेमकं तसं एक नाटक आहे.

पीटर ब्रूक हा इंग्रज दिग्दर्शक पॅरिसमध्ये काम करायचा. ज्याँ-क्लोद कारिएर हा त्याचा फ्रेंच लेखक-मित्र. फिलिप लावास्तीन नावाच्या संस्कृतच्या अभ्यासकानं या दोघांना महाभारत तोंडी सांगायला सुरुवात केली. लढाईच्या ऐन तोंडावर अर्जुन थांबतो कशाला, इथपासून. हे दोघं ऐकत राहिले, भेटीमागून भेटी. लिहिणं फार नंतर आलं. तुझी आजी तुला सांगायची तसंच की हे! त्यातून 1985च्या जुलैत फ्रान्समधल्या आव्हिन्योंच्या महोत्सवात, एका दगडाच्या खाणीत, नऊ तासांचं नाटक उभं राहिलं. काही प्रयोग रात्रभर चालून पहाटे संपायचे. आपल्याकडे दशावताराचा खेळ पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटायचं नाही, तिकडच्यांना मात्र वाटलं.

हे सगळं फ्रेंचमध्ये होतं. मग ब्रूकनं स्वतः त्याचं इंग्रजी केलं आणि 1987पासून ते घेऊन मंडळी जगभर फिरली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एक बंद पडलेलं थिएटर त्यासाठी दुरुस्त केलं गेलं, ग्लासगोत ट्रामच्या जुन्या डेपोचं नाट्यगृह झालं. 1989मध्ये त्यावर चित्रपटही निघाला, टीव्हीसाठी पाचेक तासांचा आणि थिएटरसाठी त्याहून आखूड. भारतात मात्र ते नऊ तासांचं नाटक कधी आलंच नाही. याचा मला अजून राग आहे.

तुझ्या कामाची गोष्ट आता येते. तो चित्रपट मिळवून बघ, आधी फक्त कान लावून. भीष्म बोलतो ना, तो सोतिगी कुयाते, पश्चिम आफ्रिकेतल्या पिढीजात कथेकऱ्यांच्या घराण्यातला. द्रोणाचार्य योशी ओइदा, जपानचा. धृतराष्ट्र नि युधिष्ठिर पोलंडचे, अर्जुन इटलीचा, भीम सेनेगलचा. आणि द्रौपदी आपली, अहमदाबादची मल्लिका साराभाई. आधी ती फ्रेंचमध्ये उभी राहिली, मग इंग्रजीत. डझनाहून जास्त देशांची माणसं, प्रत्येकाच्या तोंडात आपापल्या गावची माती. इंग्रजी एकाचंही दुसऱ्यासारखं नाही. न्यूयॉर्कचे प्रेक्षक तिकीट काढून नऊ तास ते ऐकत बसले. आणि तू म्हणतेस, माझा ‘व्ही’ नि ‘डब्ल्यू’ एकसारखाच येतो म्हणून मी वर्गात तोंड उघडत नाही!

उच्चार नीट असावेत, कोण नाही म्हणतंय? पण ते आधी आणि बोलणं मागून, हा क्रम कुठल्या शहाण्यानं ठरवला? या नटांकडे बघ. शब्द पूर्ण उच्चारतात, वाक्याच्या शेवटी आवाज गिळत नाहीत, घाई करत नाहीत. त्यांचं बोलणं कळतं ते यामुळे. आपल्या मुली इंग्रजी बोलताना घाबरून वेग वाढवतात, लवकर संपवलं की सुटले असं वाटतं. समोरच्याला कळत नाही, तो ‘सॉरी?’ म्हणतो, की आपण मेलो. हळू बोल गं बाई. भीष्मासारखं बोल.

नाटकाची भाषाही तुझ्या सोयीची आहे. सुरुवातीला व्यास, एक लहान मुलगा आणि गणपती, तिघंच. व्यासाला गोष्ट सांगायचीय, लिहून कोण घेणार? मुलाला लिहिता येत नाही, तेवढ्यात गणपती येतो. मग पुढे नाटकभर तो मुलगा मध्येमध्ये प्रश्न विचारत राहतो. हे कोण, ती का रडते, आता काय होणार. साधे, छोटे, पोरासोरांचे प्रश्न. तू तेच उचल. इंग्रजीत प्रश्न विचारणं आपल्याला सर्वांत जड जातं, ‘डझ’ नि ‘डिड’ कुठे घालायचं तिथे पाय अडखळतो. त्या मुलाचे प्रश्न मोठ्यानं म्हण, जिभेला वळण लागेल. वनपर्वातल्या तळ्याकाठचे यक्षप्रश्न त्याहून छान. प्रश्न एका ओळीचा, उत्तर शब्दा-दोन शब्दांचं. तू यक्ष हो, खोलीतल्या मैत्रिणीला युधिष्ठिर कर. उत्तर चुकलं की तिनं गादीवर आडवं पडायचं, भावांसारखं.

आणि हो, एकटीनं करू नकोस हे. एकलव्याचं फार कौतुक आहे आपल्याकडे, पण भाषेला समोर दुसरा माणूस लागतो. मोबाइलसमोर बोलून धिटाई येते, संवाद येत नाही.

आता माझा सर्वांत लाडका प्रसंग. तुला भूतकाळातला तो ‘हॅड’ कधी वापरायचा ते कळत नाही ना? सरांनी ‘दोन क्रियांपैकी आधी घडलेली’ असं फळ्यावर लिहून दिलं आणि तू वहीत उतरवून घेतलंस. आता सभापर्वात चल. दुर्योधनाचा दूत प्रातिकामी द्रौपदीला न्यायला येतो. ती रडत नाही, पाया पडत नाही, त्याला उलट पाठवते: जा, त्यांना विचारून ये, आधी स्वतःला हरलात की आधी मला? कारण युधिष्ठिर आधी स्वतःला हरला असेल तर तो दास झाला, आणि दासाला बायको पणाला लावायचा हक्क राहतो कुठला? सगळी सभा या आधी-नंतरवर अडते. भीष्मासारखा भीष्मसुद्धा धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून सुटका करून घेतो. तिचं वकीलपत्र घे आणि हा मुद्दा इंग्रजीत मांडून बघ. तिला पणाला लावलं त्याच्या आधीच तो स्वतःला हरून बसला होता, हे ‘हॅड’नंच ठासून सांगता येतं. एकदा द्रौपदीसाठी भांडलीस की तो काळ जन्मात विसरणार नाहीस.

माझ्याकडे शनिवारी काही मुली येतात, त्यांच्यात मी हे बघते. ‘माय बेस्ट फ्रेंड’वर बोल म्हटलं की माना खाली. पण ‘कर्णाचं चुकलं का?’ असा एक खडा टाकला की जी कधी बोलत नाही तीच उसळून उठते. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, क्रियापदांची मोडतोड, पण थांबत नाही. मीही मध्ये टोकत नाही. चुका नंतर, चहाच्या वेळी.

वाद घालताना तोंड उघडतं, म्हणून ब्रूकचं नाटक देव्हाऱ्यात ठेवू नकोस. तुला त्यात पुष्कळ खटकेल आणि खटकायलाच हवं. गीता तर अगदी थोडक्यात उरकलीय. आपल्याकडचे नाट्यसमीक्षक रुस्तम भरुचा यांनी यावर सडकून टीका केली. त्यांचं म्हणणं असं की महाभारत ज्या मातीत, ज्या समाजात आणि ज्या श्रद्धेत रुजलंय त्यातून ते उपटून काढलंय. मला टीका बरीचशी पटते, नाटकही आवडतं. दोन्ही एकदम चालतं. तुझ्यासाठी फायदा असा, की इथे तुला गोऱ्या साहेबाच्या पुस्तकापुढे दबून बसावं लागत नाही. जाणकार तू आहेस. ‘असं नव्हतं हो, माझी आजी वेगळं सांगायची’ हे इंग्रजीत सांगायची तुला घाई होईल, आणि त्या घाईत तू किती वाक्यं बोललीस ते तुझं तुलाच कळणार नाही.

इंटरव्ह्यूचंही सांगते, तू त्यासाठीच लिहिलं होतंस. ‘कॅन यू स्पीक इंग्लिश?’ असं विचारलं की आपण काय म्हणतो? ‘अ लिटल’, तेही ‘लिटल’ ऐकू जाणार नाही अशा बेतानं. हे नरो वा कुंजरो वा सोडून दे. हो म्हण आणि बोलायला लाग. त्यांनी ‘टेल अस अबाउट युवरसेल्फ’ म्हटलं तर छंदांमध्ये महाभारतावर वाद घालणं हे बिनधास्त सांग. पुढचा प्रश्न त्यावरच येईल, आणि तिथे तुझी तयारी त्यांच्याहून जास्त असेल.

ब्रूक-कारिएरच्या नाटकाचं इंग्रजी पुस्तक 1987चं आहे, गल्लीतल्या दुकानात मिळायचं नाही. विद्यापीठाच्या किंवा मोठ्या शहरातल्या ग्रंथालयात विचार. मिळेपर्यंत राजाजी आहेतच, त्यातल्या संवादांवरून तू नि खोलीतली मैत्रीण मिळून प्रसंग उभे करा.

यातलं काही करणं झालं नाही तरी एक मात्र चुकवू नकोस. इरावती कर्व्यांचं महाभारतावरचं ‘युगान्त’ तुझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात नक्की असणार. मराठी पुस्तक 1967चं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 1969मध्ये आलेलं इंग्रजी पुस्तकही बाईंनी स्वतःच सिद्ध केलं. म्हणजे तेच डोकं, तोच करडा आवाज, दोन भाषांत. इंग्रजी आधी वाच, मराठी नंतर, उलटं करू नकोस, नाहीतर इंग्रजीकडे परत जाणारच नाहीस. गांधारीच्या प्रकरणापासून सुरू कर. बाई कुणाचीच गय करत नाहीत, ना भीष्माची, ना कर्णाची, ना कृष्णाची. कर्णाच्या प्रकरणाशी तर तुझं भांडण होणार, मला ठाऊक आहे, तू कर्णावरचं ‘मृत्युंजय’ वाचून रडलेली मुलगी.

ते भांडण मला लिहून पाठव. एक पान पुरे, इंग्रजीत, खाडाखोड तशीच राहू दे. मी कर्व्यांच्या बाजूनं उत्तर देईन.