मांडीवरची शेगडी : शक्तिशाली लॅपटॉप वापरणाऱ्यांनी घ्यावयाची काळजी

गेल्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातील एक शेतकरी आपल्या वीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. त्याच्या डाव्या मांडीवर हाताच्या तळव्याएवढ्या जागेत मासे धरण्याच्या जाळ्यासारखे तपकिरी, लालसर डाग उठले होते. खाज फारशी नाही, दुखणे नाही. "डॉक्टर, गजकर्णाच्या दोन ट्यूबा संपल्या, पण डाग काही हटत नाही," वडील म्हणाले. आईच्या मनात त्याहून वाईट शंका होती. तिला हे कुष्ठरोगाचे लक्षण वाटत होते आणि भीतीपोटी तिने ही गोष्ट नातेवाइकांपासूनही लपवून ठेवली होती.

डाग तपासला. तेथील संवेदना शाबूत होती, बुरशीची खूण नव्हती. मी मुलाला विचारले, "विस्तवाजवळ बसतोस का रे?" तो हसला. मग विचारले, "लॅपटॉप कुठे ठेवतोस?" उत्तर आले, "मांडीवर. खोलीत टेबल नाही, कॉटवर बसूनच काम करतो." निदान झाले. कांद्याचे पैसे आले तेव्हा घरच्यांनी लाखभर रुपये घालून त्याला मोठा, गेम खेळता येईल असा लॅपटॉप घेऊन दिला होता. त्यावर तो कॉलेजचे त्रिमितीय आराखडे काढीत असे आणि रात्री दोन-तीन तास खेळतही असे.

आपल्या जिल्ह्यात लोणी, संगमनेर, कोपरगाव, विळद घाट अशा ठिकाणी हजारो मुलेमुली अभियांत्रिकी शिकतात. पुण्यात कॉट बेसिसवर राहणारी नगरची मुलेही पुष्कळ. त्यांतील अनेकांकडे आता असे यंत्र असते. म्हणून आजचा हा विषय.

नावाने होणारी फसगत

'लॅप' म्हणजे मांडी. मांडीवर ठेवून वापरायचा तो लॅपटॉप, असा सर्वांचा समज होतो. साध्या, हलक्या लॅपटॉपबाबत तो थोडाफार चालून जातो. परंतु हे मोठे यंत्र मुळात टेबलावरच्या संगणकाची जागा घेण्यासाठी बनविलेले असते. त्याचे वजन अडीच ते चार किलो आणि चार्जरच पाऊण ते एक किलोचा. साध्या लॅपटॉपचा चार्जर ४५ ते ६५ वॅटचा असतो, तर याचा १८० ते ३३० वॅटचा. खेळ किंवा जड काम चालू असता आतील चिपांचे तापमान ९० अंश सेल्सियसच्या आसपास जाऊ शकते. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी तळाशी, बाजूला आणि मागे जाळ्या असतात. मांडीवर, गादीवर किंवा उशीवर ठेवले की तळाच्या जाळ्या बंद होतात आणि यंत्राचा तळ अधिकच तापतो.

शेकलेली कातडी

हा आजार नवा नाही. पूर्वी बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून शेक देत. हिवाळ्यात चुलीपुढे तासन् तास बसणाऱ्या आजीबाईंच्या नडग्यांवर असे जाळीदार डाग दिसत. काश्मीरमध्ये फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर ते आजही आढळतात. वैद्यकशास्त्रात यास 'इरिथिमा ॲब इग्ने' म्हणतात, म्हणजे विस्तवामुळे आलेली लाली.

कातडी भाजण्याइतकी उष्णता यासाठी लागत नाही. सुमारे ४३ ते ४७ अंशांची ऊब रोज त्याच जागी लागत राहिली की कातडीतील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, रंगद्रव्य साठते आणि जाळी उमटते. २०१० साली स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी बारा वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. काही महिने रोज कित्येक तास मांडीवर लॅपटॉप ठेवून खेळल्याने त्याच्याही डाव्या मांडीवर असेच डाग आले होते. विशेष म्हणजे ती बाजू तापते हे त्याला जाणवत होते, पण खेळाच्या भरात त्याने बसण्याची पद्धत बदलली नाही.

ही ऊब सुखावह वाटते, हाच खरा धोका. अमेरिकेत १९४७ साली झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात असे दिसले की ४४ अंशांची वस्तू सहा तास कातडीस टेकून राहिली तरी ती भाजते. लॅपटॉप पोटावर किंवा मांडीवर ठेवून झोपी जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी तर असे यंत्र अंगाला लावूच नये.

उपाय एकच : उष्णतेचा संपर्क थांबवणे. डाग नवे असतील तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत फिके होतात. जुने डाग कायम राहू शकतात. वर्षानुवर्षे शेकलेल्या कातडीत क्वचित कर्करोगाची सुरुवात होते. म्हणून डागाची जागा जाड झाली, गाठ आली किंवा बरी न होणारी जखम झाली तर त्वचारोगतज्ज्ञास दाखवावे. लिंबू, टूथपेस्ट किंवा कोणाची तरी उरलेली मलमे चोळू नयेत.

तरुणांच्या मनातील प्रश्न

तरुण एकांतात हळूच विचारतात, "डॉक्टर, याने मूल होण्यास अडचण येते का?" प्रश्न रास्त आहे. शुक्रजंतू तयार होण्यासाठी वृषणांचे तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी असावे लागते. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक येथे २९ निरोगी तरुणांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की तासभर मांड्या जुळवून बसल्यानेच हे तापमान सुमारे दोन अंशांनी वाढते, आणि मांडीवर चालू लॅपटॉप असेल तर ती वाढ २.६ ते २.८ अंशांपर्यंत जाते. याच संशोधकांनी २०११ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. मांडीवर उशीसारखे पॅड ठेवले तरी एक अंशाची वाढ चौदा मिनिटांतच होते. पॅड नसताना ती अकरा मिनिटांत होत होती. म्हणजे पॅड घेतले, आता काळजी नाही, हा समज चुकीचा आहे.

लॅपटॉपमुळे वंध्यत्व येतेच असे यातून सिद्ध होत नाही. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. नवे शुक्रजंतू तयार होण्यास साधारण अडीच ते तीन महिने लागतात. ज्यांना अपत्याची इच्छा आहे त्यांनी यंत्र मांडीवरून उतरवावे आणि तेवढा काळ धीर धरावा.

मान, मनगट आणि पाय

लॅपटॉपमध्ये पडदा आणि कळफलक एकमेकांस जोडलेले. हात सोयीच्या उंचीवर ठेवले तर मान वाकते, पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात अधांतरी राहतात. डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो असते. मान पुढे झुकली की मानेच्या स्नायूंवरचा भार कित्येक पटींनी वाढतो. म्हणूनच पंचविशीच्या आत मान आणि खांदा धरल्याच्या तक्रारी येतात.

यावर तोडगा स्वस्त आहे. लॅपटॉपखाली लाकडी ठोकळे किंवा स्टँड ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी, जाळ्या मात्र मोकळ्या राहतील असे पाहावे. वेगळा कळफलक आणि माउस घ्यावा. साधे हजार रुपयांच्या आत मिळतात. कोपर काटकोनात, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि पडदा हातभर अंतरावर असावा. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येत असतील तर मनगटातील नस दाबली जात आहे, करंगळीला येत असतील तर बहुधा कोपराजवळची, असे समजून वेळीच दाखवावे.

एका जागी बसण्याचाही धोका आहे. २००३ साली न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी बत्तीस वर्षांच्या एका पुरुषाची हकिगत नोंदवली. रोज बारा-बारा तास संगणकासमोर बसल्याने त्याच्या पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात गेली आणि जिवावर बेतले. असे क्वचित घडते, पण तासातून एकदा उठून पाच मिनिटे चालणे यात अवघड ते काय?

यंत्र रोज पाठीवर वाहून नेऊ नये. यंत्र, चार्जर, वह्या आणि पाण्याची बाटली मिळून सात-आठ किलो सहज होतात. पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावे. न्यावेच लागले तर दोन्ही पट्टे खांद्यावर घ्यावेत आणि यंत्र पाठीला लागून ठेवावे.

डोळे आणि कान

आपण मिनिटास साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. पडद्यावर नजर खिळली की हे प्रमाण निम्म्याहून कमी होते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. यंत्राच्या बाजूने निघणारी गरम हवा तोंडावर येत असेल तर त्रास वाढतो. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे, हा नियम पाळावा.

खेळ जोरात चालू असता यंत्राचे पंखे घोंघावतात. तो आवाज दडवण्यासाठी मुले हेडफोनचा आवाज वाढवतात आणि तो तसाच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांहून अधिक ऐकू नये. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज साठ टक्क्यांच्या आत ठेवावा. गेमच्या सेटिंगमध्ये सेकंदाला ६० चित्रे अशी मर्यादा घातली की उष्णता आणि पंख्यांचा आवाज बहुधा दोन्ही कमी होतात.

खोली आणि वीज

जोरात काम करणारे असे यंत्र २०० ते ३०० वॅट वीज घेते आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीत येते. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता देतो. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दोन-तीन माणसे जास्तीची आणून बसविल्यासारखे होते. दुपारी जड काम टाळावे, खिडकी उघडी ठेवावी, पाणी जवळ असावे.

यंत्राच्या धातूला हात लावताच बारीक झिणझिण्या येतात, अशी तक्रार बरेच जण करतात. चार्जरमधून निघणारा अगदी अल्प प्रवाह अर्थिंगवाटे जमिनीत जायला हवा. झिणझिण्या येतात याचा अर्थ बहुधा घराला अर्थिंग नाही किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावला आहे. झिणझिण्या सहसा जिवावर बेतत नाहीत, परंतु त्याच घरात फ्रीज किंवा मोटारीत बिघाड झाला तर अर्थिंगअभावी माणूस दगावू शकतो. ही सूचना समजून वायरमनला बोलवावे, अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे आणि ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी बसवून घ्यावा.

टचपॅड वर उचलले गेले किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. चार्जिंग बंद करावे, टोचू किंवा दाबू नये, दुरुस्ती केंद्रात द्यावे. घंटागाडीत टाकू नये, आग लागते.

खेळ किती?

मुलाच्या वडिलांची खरी तक्रार शेवटी बाहेर आली. "ह्याला खेळाचा नाद लागलाय. मी तर म्हणतो विकूनच टाकू." खेळणे म्हणजे व्यसन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'ची तीन लक्षणे दिली आहेत : खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळास महत्त्व देणे, आणि नुकसान होत असूनही खेळत राहणे. हे साधारण वर्षभर चालू असेल आणि शिक्षण, नोकरी वा घरच्या संबंधांवर परिणाम होत असेल तरच तो आजार. तशी शंका आल्यास केंद्र सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तेथे मराठीतून बोलता येते.

हा मुलगा एकाही विषयात मागे नव्हता. झोप मात्र पाच तासांवर आली होती. त्या वयात किमान सात तास हवी. यंत्र विकले असते तर आराखड्यांचे कामही थांबले असते. तेव्हा ठरले ते असे : यंत्र टेबलावर, खेळ रात्री दहापर्यंत, त्यानंतर झाकण बंद.

थोडक्यात

१. असे यंत्र मांडीवर, गादीवर, उशीवर ठेवू नये. पक्के टेबल हवे.
२. पडदा उंच, कळफलक वेगळा.
३. दर वीस मिनिटांनी नजर दूर, दर तासाला पाय मोकळे.
४. तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग.
५. दर सहा महिन्यांनी आतील धूळ साफ करून घ्यावी. आपल्याकडे धूळ फार, आणि धुळीने यंत्र तापते.
६. झोपेच्या एक तास आधी बंद.

चार महिन्यांनी बापलेक पुन्हा आले. घरात धूळ खात पडलेल्या शिलाई मशीनच्या टेबलावर फळी टाकून त्यांनी जागा केली होती. मांडीवरची जाळी बरीच फिकी झाली आहे, एक पट्टा अजून गडद आहे. तो कदाचित राहील. आईला मात्र आता कोणापासून काही लपवावे लागत नाही.