तरुणास्थिजन्य सौम्य अर्बुदे : निदान व शस्त्रकर्म

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २८व्या अध्यायात, अस्थिप्रदोषज विकारांमध्ये ‘अध्यस्थि’ सांगितला आहे; सुश्रुतांनी अस्थींच्या पाच प्रकारांत ‘तरुण’ अस्थी, म्हणजे कूर्चा, स्वतंत्र मोजली आहे. कूर्चेपासून उद्भवणारी सौम्य अर्बुदे अभ्यासताना हे दोन्ही संदर्भ लक्षात ठेवावेत.

प्रकार व निदान : किशोरवयीन रुग्णाच्या गुडघ्याजवळ टणक, न हलणारी, बहुधा वेदनारहित गाठ आढळल्यास ऑस्टिओकॉन्ड्रोमाचा विचार करावा. क्ष-किरण चित्रात तिचे बाह्य कवच व मज्जा मूळ अस्थीशी सलग दिसतात. हीच तिची ओळख होय. एन्कॉन्ड्रोमा बहुधा हाताच्या बोटांच्या अस्थींत आढळतो व पुष्कळदा किरकोळ आघाताने अस्थिभंग झाल्यावरच कळतो. कॉन्ड्रोब्लास्टोमा अस्थीच्या टोकाशी, सांध्यालगत होतो. त्यामुळे तो संधिवात समजला जाण्याचा संभव असतो.

शस्त्रकर्म : लक्षणरहित ऑस्टिओकॉन्ड्रोमा केवळ निरीक्षणाखाली ठेवावा. नाडी, रक्तवाहिनी वा सांध्यास बाधा होत असल्यास तो कूर्चेच्या टोपीसह व तिच्यावरील आवरणासह मुळापासून काढतात. टोपीचा अंश राहिल्यास पुनरुद्भव संभवतो. शक्य असल्यास अस्थिवृद्धी पूर्ण होईपर्यंत थांबणे श्रेयस्कर. एन्कॉन्ड्रोमास शस्त्रकर्माची गरज भासल्यास व कॉन्ड्रोब्लास्टोमामध्ये लेखन करून, म्हणजे पोकळी खरवडून, आवश्यकतेनुसार अस्थिरोपण करतात.

धोक्याची लक्षणे : वाढीचे वय संपल्यावर गाठ वाढणे, विश्रांतीत वा रात्री वेदना होणे, प्रौढात कूर्चेची टोपी २ सेंमीहून जाड असणे, ही घातक रूपांतराची शंका उत्पन्न करणारी लक्षणे होत. अशा वेळी गाठीचा तुकडा कोठेही काढवू नये. सौम्य एन्कॉन्ड्रोमा व मंदगती कॉन्ड्रोसार्कोमा यांतील भेद केवळ तुकड्यावरून ठरत नाही. क्ष-किरण व एमआरआय सोबत पाहावे लागतात. शिवाय तुकडा घेण्याचा मार्ग पुढील शस्त्रकर्माच्या आखणीत बसावा लागतो. म्हणून ही तपासणी शस्त्रकर्म करणाऱ्या केंद्रातच व्हावी. नवी मुंबईतील वैद्यांस खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे ‘ॲक्ट्रेक’ जवळ आहे. परळ येथील टाटा रुग्णालयही दूर नाही.

आपले कर्तव्य : ग्रंथीवर कांचनार गुग्गुळ देण्याची परंपरा आहे, परंतु अस्थीशी सलग असलेली गाठ त्याने विरेल अशा आशेवर तपासणी लांबवू नये. निदानापूर्वी मर्दन अथवा अग्निकर्म टाळावे. एकाच जागेच्या दुखण्यासाठी वारंवार तेल वा वेदनाशामक नेणाऱ्या ग्राहकास औषधालयचालकांनी गाठीविषयी अवश्य विचारावे व वैद्यांकडे पाठवावे. वेळेवर काढलेले एक क्ष-किरण चित्र रुग्णाचा अवयव वाचवू शकते, हे आम्ही सर्वांनी ध्यानी ठेवावे.