तारपा : फुंकरीवर चालणारा नाच

वारली पेंटिंग आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. कुर्त्यावर, कॉफीच्या मगवर, वहीच्या कव्हरवर ते दिसतंच. त्यातला गोलाकार नाच आठवा. माणसांची साखळी आणि आतमध्ये लांबलचक काहीतरी फुंकणारा एकजण. बरेचजण त्याला तुतारी समजतात, पण तो आहे तारपा! पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, डहाणू, तलासरी भागात वारली, कोकणा अशा आदिवासी समाजांचं हे वाद्य.

आता आपण इंजिनियरिंगवाले, म्हणून आधी रचना पाहू. वरती वाळवून पोकळ केलेला दुधी भोपळा. त्यात शेजारी शेजारी बसवलेल्या दोन बांबूच्या नळ्या, सांधे बुजवायला मेण, आणि खालच्या टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. काही तारपे तर माणसाच्या उंचीचे असतात. नळ्यांच्या तोंडाशी रीड, म्हणजे कंप पावणारी पातळ जीभ, असते आणि ती भोपळ्याच्या आत लपलेली असते. थोडक्यात, भोपळा म्हणजे एअर चेंबर. वाजवणाऱ्याचे ओठ रीडला लागतच नाहीत. त्यामुळे बासरीसारखं जिभेने सूर तोडणं इथे जमत नाही, चाल बदलते ती फक्त बोटांनी. आवाज अखंड राहायला हवा, म्हणून गालात साठवलेली हवा ढकलत ढकलतच नाकाने श्वास घ्यावा लागतो. नाच रात्रभरसुद्धा चालतो. करून बघा, दोन मिनिटांत दम लागेल!

गंमत म्हणजे याच भागातल्या घांगळीलाही भोपळेच लागतात. ते तंतुवाद्य. काठीला दोन भोपळे असतात आणि भगत त्याच्या साथीवर कणसरी या धान्यदेवतेची गाणी म्हणतो. तिथे भोपळा हवा साठवत नाही, तारेचा आवाज मोठा करतो. वस्तू एकच, कामं दोन.

तारप्याचा खरा मोसम भात तयार होऊ लागलं की सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत चालतो. म्हणजे हा नुसता करमणुकीचा नाच नाही, नव्या धान्याचा आनंद आणि देवाचं देणं दोन्ही त्यात आलं. नाचणारे एकमेकांना धरून तारपा वाजवणाऱ्याच्या मागे जातात. तारप्याला कुणी पाठ दाखवत नाही. तो वळला की रांग वळते, त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. रांगेच्या म्होरक्याच्या हातात घुंगुरकाठी असते, ती ठेका धरते.

मला इथेच खरा मुद्दा वाटतो. आपल्याकडे गॅदरिंगला 'ट्रायबल डान्स' बसवतात तेव्हा काय होतं? आधी ट्रॅक ठरतो, मग त्यावर स्टेप्स. तारपानाचात ट्रॅक नसतोच. वाजवणारा नाचणाऱ्यांकडे बघतो, ते त्याच्याकडे. कंट्रोलच्या भाषेत हा क्लोज्ड लूप. रेकॉर्डिंग लावलं की लूप तुटला, उरला फक्त आवाज. स्पीकरला काय कळणार, रांगेतली आजी दमलीय ते?

म्हणून तारपा टिकवायचा तर तो रेकॉर्ड करून ठेवणं पुरेसं नाही. वाजवणारा माणूस टिकायला हवा. वारली चित्रकलेला जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेलं, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना ती जाहीर झाली 2026 मध्ये, वयाची नव्वदी ओलांडल्यावर. चित्र भिंतीवर राहतं हो, श्वास मात्र शिकवावाच लागतो.

आपल्या हॉस्टेलमध्ये त्या भागातली मुलं आहेत. कल्चरल कमिटीला एवढंच सुचवायचंय, की पुढच्या गॅदरिंगला डीजेच्या बजेटमधून थोडे पैसे काढून एका तारपावादकाला रीतसर मानधन देऊन बोलवा. स्टेजवर नको, ग्राउंडवर. सर, मॅडम, आपण सगळे रांगेत उभे राहू. तो वळेल तसं वळायचं, बस्स!