हातकताईच्या खादीला जादा भाव द्यावा काय?

वर्धा जिल्ह्यातील कापड दुकानदार, शिंपी आणि रंगारी बांधवांपुढे हा प्रश्न वारंवार येतो. गिऱ्हाईक खादीचा भाव ऐकते, शेजारच्या ठाणातील पॉपलिनकडे बोट दाखवते आणि विचारते, "यात एवढे काय आहे?" दुकानदाराकडे उत्तर नसले की तो गांधीजींचे नाव पुढे करतो. आमच्या मते हे व्यापाऱ्याचे उत्तर नव्हे. माल महाग असेल तर तो का महाग आहे, हे विकणाऱ्याला पैशापैशाने सांगता आले पाहिजे.

आधी हिशेब पाहू. खादीच्या सुताची गुंडी १,००० मीटरची असते. सुताचा नंबर म्हणजे एका किलोत भरणाऱ्या गुंड्या. ३३ नंबरी सूत घेतले तर किलोला ३३ गुंड्या होतात. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १ एप्रिल २०२५ पासून कताईचा दर गुंडीला १५ रुपये केला. ऑक्टोबर २०२४ पूर्वी तो १० रुपये होता. आता चौरस मीटरला सुमारे १२० ग्रॅम वजनाचे कापड धरा. त्यात चार गुंड्या सूत जाते. सदऱ्याला ३६ इंच पन्ह्याचे अडीच मीटर कापड लागले तर नऊ गुंड्या झाल्या, म्हणजे नऊ किलोमीटर धागा. वर्ध्याहून सेवाग्रामला जाऊन वर उरेल एवढा! त्याची नुसती कताई १३५ रुपये. विणकराची मजुरी, कापूस, धुलाई, रंग आणि भांडाराचा खर्च यानंतरचा. सूत जितके बारीक, तितक्या किलोमागे गुंड्या जास्त.

गिरणीच्या कापडात हा खर्च जवळजवळ नाहीसाच होतो. तेथे हजारो चात्या एकदम फिरतात आणि पॉवरलूमवर एक माणूस अनेक माग सांभाळतो. भिवंडी-मालेगावच्या आमच्या मोमीन बांधवांना हे वेगळे सांगायला नको.

वर्ध्याला हा वाद नवा नाही. १९३५ साली चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी पोट भरण्याजोगी करायचे ठरवले, तेव्हा खादी महागली आणि खप बसेल अशी ओरड झाली. त्याआधी वर्षभर, १९३४ मध्ये, येथेच ग्रामोद्योग संघ निघाला. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी मगन संग्रहालय उघडले. स्वस्त खादी हवी तर कातणारीचे पोट कापावे लागते, हे त्या मंडळींनी तेव्हाच ओळखले होते. ते गणित आजही बदललेले नाही.

एक गोष्ट मात्र बदलली. पूर्वी कापूस पिंजण्याचे काम पिंजारी बांधवांच्या हाती होते. आज बराचसा पेळू आयोगाच्या कारखान्यांतून येतो, जसे मध्य प्रदेशातील सिहोर, कर्नाटकातील चित्रदुर्ग. म्हणजे "सर्व काही हातचे" असे सांगणे बहुतेक ठिकाणी खरे नाही. कताई आणि विणाई हातची, एवढेच म्हणावे.

आता गुणाचे बोलू. खादी गिरणीच्या कापडापेक्षा जास्त टिकते, असे आम्ही सरसकट म्हणणार नाही. हातसुताला पीळ कमी-जास्त बसतो, बारीक खादी लवकर विरते. तिचे खरे सुख अंगावर आहे. धागा सैल व असमान असल्याने घाम शोषला जातो आणि हवा खेळते. विदर्भाच्या मे महिन्यात ज्याने खादीचा कुर्ता घातला त्याला याचा पुरावा मागावा लागत नाही. म्हणून कुर्ता, सदरा, ओढणी यांसाठी पैसे द्यावेत. कारखान्यात घालायचे कपडे, शाळेचा गणवेश किंवा पिशव्यांसाठी खादी घेणे म्हणजे पैसा वाया घालवणे.

नैसर्गिक रंगाच्या खादीला आणखी भाव पडतो. तुरटी, हिरडा यांची नीट प्रक्रिया केलेला रंग धुण्यात टिकतो, पण हळदीचा पिवळा उन्हात उडतोच. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे.

फसवणूक होते ती येथे. हातमागाचे कापड म्हणजे खादी नव्हे. त्यात सूत गिरणीचे असू शकते. परीक्षा अशी: ताणा आणि बाणा दोन्हीतून एकेक धागा ओढून पाहा. दोन्ही ठिकाणी जाडी कमी-जास्त हवी. एकच धागा असमान निघाला तर संशय घ्यावा. मग धागा पेटवा. सूत कागदासारखे जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. पॉलिवस्त्र आयोगाचेच असते, पण त्यात पॉलिस्टरचा भाग मोठा, म्हणून ते सुती खादीच्या भावाने घेऊ नये.

कायद्याचेही भान ठेवावे. २०१३ च्या नियमांनुसार खादी चिन्हाशिवाय कोणतेही कापड खादी म्हणून विकता येत नाही. आयोगाने २०१८ साली एका मोठ्या कपडा कंपनीकडे ५२५ कोटी रुपयांची भरपाई मागितली होती. लहान दुकानदाराने पाटीवर "खादी" लिहिण्याआधी ज्या संस्थेकडून माल घेतला तिचे प्रमाणपत्र पाहावे व बिल जपून ठेवावे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओला माल वर का ठेवला नाही असे विकणाऱ्याला विचारले. पॉवरलूमचे ठाण खादीच्या गठ्ठ्यात लपवणाऱ्याचे काम त्या ओल्या धान्याहून वेगळे नाही.

शिंपी बांधवांसाठी दोन शब्द. खादी पहिल्या धुण्यात आटते. कापड रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून मगच कात्री लावावी, आणि त्यासाठी लागणारा एक दिवस व मेहनत शिलाईत वेगळी धरावी. गिऱ्हाईक कुरकुरले तर वरचा नऊ गुंड्यांचा हिशेब त्याला मांडून दाखवावा.