बंबफोड विकूया, पण आपल्या हाताची मजुरी धरून



या अंकाचा पाठ जळणाचा आहे. कुणी म्हणेल, "त्यात काय शिकायचं? जन्मभर चूलच पेटवतोय." खरंच आहे. ओल्या लाकडाला फुंकून फुंकून डोळे लाल झाले की मूठभर कोरड्या ढलप्यांची किंमत कळते, ती आपल्याला कुणी शिकवायला नको. पण घरच्या चुलीत घालायचं जळण वेगळं आणि विकायचं जळण वेगळं. विकायचं म्हटलं की वजन आलं, दर आला, कायदा आला आणि आपली मजुरीही आली. बाकी सगळ्याचा हिशोब आपण लावतो. ही मजुरी मात्र वहीत येतच नाही. म्हणून हा पाठ.

१. बारीक जळण घेतं कोण?

घरोघरी गॅस आला. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हापासून तर वाडीवस्तीवरही सिलिंडर पोचले. तरी जळण संपलेलं नाही. आपल्याकडे सातारा-सांगली-कोल्हापूर भागात अजून किती घरांत अंघोळीचं पाणी बंबात तापतं, ते तुम्हीच मोजा. बंबाच्या मधल्या नळीतून खाली जाईल एवढाच तुकडा लागतो. त्यासाठी बारीक फोडलेलं लाकूड म्हणजे बंबफोड. शहरातल्या वखारीत हा शब्द जुना आहे.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे 'चुलीवरचं जेवण' अशी पाटी लावणारी हॉटेलं. तिसरं, महाबळेश्वर, पाचगणी, पन्हाळा अशा ठिकाणी थंडीत पाहुण्यांसाठी शेकोटी पेटवणारे लॉजवाले आणि तंबूवाले. चौथं, लग्नाचे आणि जत्रेचे आचारी. त्यांना मोठं लाकूड टनाने मिळतं, पण भट्टी पेटवायला कोरड्या ढलप्या आयत्या वेळी शोधाव्या लागतात.

या सगळ्यांना लाकूड मिळतच असतं. आपल्याकडून घ्यायचं ते तीन गोष्टींसाठी: कोरडं, एकसारखं फोडलेलं आणि वेळेवर. आपण खरं तर हेच विकतो. लाकूड कुणीही विकेल.

२. लाकूड आणायचं कुठून?

सगळ्यात आधी हे ठरवा, कारण इथे चुकलं तर मालही जातो आणि गाडीही अडकते.

राखीव जंगलातून परवानगीशिवाय लाकूड तोडणं किंवा विक्रीसाठी आणणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. "मोळीच तर आहे" हे कारण चालत नाही. ज्या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तिथे गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क असतो, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत झाडोरा आणि खुंटही येतात. पण तिथेसुद्धा ग्रामसभेने ठरवलेल्या नियमानेच आणायचं. ग्रामसभेचा ठराव बघा, त्याची प्रत गटाच्या फाइलला लावा.

झाड आपल्या शेतातलं असलं तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. महाराष्ट्रात १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा आहे. त्याच्या यादीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन, ऐन अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. गाडीतून लाकूड न्यायचं तर वाहतूक परवान्याचा प्रश्न येतो. काही जातींना त्यातून सूट आहे. तुमच्या लाकडाला परवाना लागतो की नाही, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात, म्हणजे आपण ज्याला रेंज ऑफिस म्हणतो तिथे, माल भरायच्या आधी विचारा. दोघीजणी जा, सोबत अर्ज न्या आणि पोच घ्या.

गटाला सोपे मार्ग म्हणजे बांधावरची बाभूळ आणि सुबाभूळ, शेतकऱ्याने लावलेली निलगिरी, आणि आरागिरणीत उरलेले कापाचे तुकडे. गिरणीतला माल बहुतेक वाळलेला आणि सरळ असतो, फोडायलाही हलका. मात्र रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, औषध मारलेल्या पेट्यांच्या फळ्या घेऊ नका. त्याच्या धुरावर कुणाची तरी भाकरी भाजली जाणार आहे. कण्हेर, बिब्बा आणि शेर यांची लाकडं ढिगात येऊच देऊ नका. कण्हेरीचा धूर विषारी, बिब्बा अंगावर उततो, आणि शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्यावर बेततं.

३. फोडायचं कसं?

नियम एकच पाठ करा: फोडून वाळवा, वाळवून फोडू नका. बाभळीसारखं कठीण लाकूड ओलं असताना फुटतं, वाळलं की कुऱ्हाडीलाच उलटं टोलावतं. शिवाय बारीक केलेलं लाकूड लवकर वाळतं.

आधी करवतीने वीतभर लांबीचे तुकडे पाडा. तुकड्याच्या तोंडाला बारीक चीर दिसते, तिच्याच रेषेत फोडायचं. आधी अर्ध्यात, मग पाव, मग अंगठ्याएवढ्या जाडीचे. गाठीच्या तुकड्याशी झुंजत बसू नका. तो बाजूला काढा, शेकोटीवाल्याला तो जास्त उपयोगी, कारण हळू जळतो.

बारीक ढलप्यांसाठी कुऱ्हाड उगारायची गरज नाही. गुडघ्याएवढा ठोकळा घ्या, त्यावर तुकडा उभा करा, कोयत्याची धार वर टेकवा आणि कोयत्याच्या पाठीवर लाकडी मोगरीने ठोका. ठोकताना तुकडा बोटांनी धरायचा नाही. तो पडत असेल तर ठोकळ्यावर जुना टायर ठेवा आणि त्याच्या आत तुकडे उभे करा. फुटलेल्या ढलप्याही आतच राहतात, वाकून वेचाव्या लागत नाहीत.

पदर खोचलेला, पायात बंद चप्पल किंवा बूट, डोळ्याला साधा चष्मा. पोरं लांब. ढिगातलं लाकूड उचलताना आधी काठीने हलवा आणि मगच हात घाला. विंचू-सापाला तीच जागा आवडते.

४. वाळलं हे ओळखायचं कसं?

जमिनीला टेकवून ठेवू नका. खाली विटा किंवा बांबू, वर पत्रा किंवा ताडपत्री, आणि बाजू उघड्या. सगळीकडून प्लास्टिक गुंडाळलं तर आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते.

दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. कोरड्या असतील तर टणटण वाजतात, ओल्या असतील तर बद्द आवाज येतो. पण विक्रीसाठी त्याहून पक्की खूण हवी. ढिगाच्या मधली एक जुडी बाजूला काढा, तिला लाल चिंधी बांधा आणि दर आठवड्याला तीच जुडी तोला. वजन कमी व्हायचं थांबलं की माल तयार. तारीख आणि वजन वहीत लिहा. गिऱ्हाइकाला वही दाखवली की घासाघीस कमी होते.

मृगाच्या आत माल आडोशाला गेला पाहिजे. पावसाळ्यात सगळ्यांचं जळण भिजलेलं असतं. तेव्हा ज्याच्याकडे कोरडी ढलपी, त्याच्या दारात गिऱ्हाईक.

५. आता हिशोब

खालचे दर फक्त समजायला सोपे म्हणून धरले आहेत. तुम्ही आपल्या गावचे घाला.

ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. म्हणजे १०० किलो ओलं लाकूड घेतलं तर त्यात ५० किलो लाकूड आणि ५० किलो पाणी. वाळून पाणी पाचवा हिस्सा उरलं की वजन भरतं साडेबासष्ट किलो. त्यात ५० किलो लाकूड आणि साडेबारा किलो पाणी. बाकीचं साडेसदतीस किलो हवेत गेलं, पण त्याचे पैसे आपण मोजलेले असतात.

समजा १००० किलो ओलं लाकूड ४ रुपये किलोने घेतलं: ४००० रुपये. गाडीभाडं ८०० रुपये. झाले ४८०० रुपये. वाळून राहिलं ६२५ किलो. साल-भुसा २५ किलो गेला. विकायला उरलं ६०० किलो. ४८०० भागिले ६०० म्हणजे ८ रुपये किलो. चार रुपयांचं लाकूड विकायला तयार होईतो आठ रुपयांचं झालं, आणि अजून फोडण्याची मजुरी धरलीच नाही.

आता मजुरी. एक ताई दिवसाला ६० किलो माल फोडून, बांधून तयार करते असं धरू. ६०० किलोला १० दिवस. ३०० रुपये रोजाने ३००० रुपये, म्हणजे किलोला ५ रुपये. सुतळी, धार लावणं, माल पोचवणं यांचे ६०० रुपये, म्हणजे किलोला १ रुपया. रोख घातलेले ५४०० रुपये गटाकडून शेकडा २ ने दोन महिन्यांसाठी घेतले तर व्याज २१६ रुपये, म्हणजे किलोला साधारण ४० पैसे.

बेरीज: ८ + ५ + १ + ०.४० = १४ रुपये ४० पैसे. याच्या खाली विकलं तर तोटा.

आता गंमत बघा. १२ रुपयांनी विकलं तरी हातात ७२०० रुपये येतात. घातलेले ५४०० आणि व्याज २१६ वजा केले तर १५८४ रुपये उरतात. "नफा झाला!" असं वाटतं. पण ते १५८४ रुपये १० दिवसांच्या कामाचे आहेत. दिवसाला १५८ रुपये पडले. दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलो असतो तर या रोजावर गेलो असतो का?

१८ रुपये दर मिळाला तर १०,८०० रुपये येतात. सगळा खर्च मजुरीसकट ८६१६ रुपये. मजुरी हातात पडून वर २१८४ रुपये गटाला उरतात. नफा म्हणायचा तो या पैशाला.

दुकानात ठेवून विकणार असाल तर दुकानदाराचं कमिशन या १८ च्या वर धरा, आतून देऊ नका. आणि वजनावर विकायचं तर काटा वैधमापन विभागाची मुद्रा असलेलाच हवा.

६. फोडणारीची मजुरी कुणी लिहायची?

हा पाठातला सगळ्यात नाजूक भाग आहे, पण बोलायलाच हवा.

मोठे ओंडके फोडायला गडी लावला तर संध्याकाळी त्याचा रोज आपण बिनबोभाट देतो, कारण ते 'काम' आहे. त्याच ओंडक्याच्या ढलप्या करायला ताई बसते, जुड्या बांधते, ऊन बघून पसरते, ढग आले की धावत झाकते. तिच्या नावापुढे वहीत काहीच नसतं, कारण ते 'घरचंच'. मग नफा दहाजणींत सारखा वाटला जातो. जिने दहा दिवस हात चालवला तिला आणि जी एकदाच आली तिला, दोघींना तेवढंच. पहिल्या खेपेला कुणी बोलत नाही. दुसऱ्या खेपेला फोडणारी ताई कंबर दुखते म्हणून येत नाही. तिसऱ्या खेपेला धंदा बंद पडतो, आणि गावात बोललं जातं की बायकांना धंदा जमत नाही. ताईंनो, धंदा जमलेला असतो. राहिलेली असते ती हजेरी.

म्हणून वहीत तीन रकाने पाडा: तारीख, नाव, तयार केलेले किलो. मजुरी रोजावर द्यायची की किलोवर, ते गटात ठरवा. किलोवर दिली तर जिला घरचं उरकून दोनच तास मिळतात, तिलाही तिच्या दोन तासांचे पैसे मिळतात. पसरणं, झाकणं, बाजारात नेणं यालाही दर ठरवा. आधी मजुरी वाटा, मग कर्जाचा हप्ता आणि व्याज, आणि उरेल तो नफा. गटाने ठरवलं तर तो सारखा वाटा, त्यात कुणाची तक्रार राहणार नाही.

सगळ्या गटाला एकदम हे करायचं नसेल तर तिघी-चौघींनी मिळून करा. बाकीच्या कर्ज देतील, व्याज घेतील. तेही चांगलंच आहे.

७. पुढच्या बैठकीत हे करा

एका ताईने ओल्या लाकडाच्या दोन किलो ढलप्या आणाव्यात. सगळ्यांसमोर तोला, चिंधी बांधा, सचिवांच्या अंगणात आडोशाला वाळत ठेवा आणि दर बैठकीला तोला. पाणी किती गेलं ते डोळ्याने दिसेल.

तोवर प्रत्येकीने एका गिऱ्हाइकाला विचारून यायचं: आत्ता जळण कुठून घेता, काय दराने, आणि पावसाळ्यात काय करता? दहाजणींची दहा उत्तरं जमली की वरच्या हिशोबात तुमचे आकडे घाला. दर १४ रुपये ४० पैशांसारखा कुठेतरी येईल. त्याच्या वर गिऱ्हाईक मिळत असेल तर लाकूड घ्या. मिळत नसेल तर घेऊ नका. न घेतलेल्या मालाचा तोटा होत नाही.

हिशोब अडला तर वही घेऊन प्रभागसंघाच्या बैठकीला या. मिळून मांडू.

आपली,
क्षेत्र समन्वयक