गायनविद्येचे अन्नछत्र

ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये गीतार्थ मराठीत आणला, तो सर्वांसाठी. गायनाच्या प्रांतात तशाच वृत्तीचे काम पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी केले. घराण्यांतल्या चिजा पुत्राला नाहीतर निवडक शिष्यालाच मिळायच्या. पंडितजींनी उस्तादांकडून त्या मिळविल्या, स्वरलिपीत लिहिल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. घराण्याबाहेरच्या विद्यार्थ्यालाही दार उघडले.

आता आपल्या खानदेशाकडे पाहू. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी बाडे जपली आहेत, म्हणून तिथला अक्षरठेवा टिकला. मग सांगा, मुक्ताईच्या वाटेवर आपण म्हणतो त्या चाली कोणत्या बाडात आहेत? म्हातारा विणेकरी वैकुंठवासी झाला, की त्याच्या गळ्यातली चालही गेली!

यासाठी जळगाव-धुळ्याच्या भजनी मंडळांनी वृद्धांच्या परंपरागत चाली, त्यांना विचारून, मोबाइलवर ध्वनिमुद्रित कराव्यात. जाणत्याकडून स्वरलिपी लिहवून घ्यावी आणि मागेल त्याला फुकट द्यावी.

मात्र विवेक हवा. संतांचा अभंग सर्वांचा. पण नव्या चालीवर रचनाकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. रेकॉर्डचा हक्क वेगळा. तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षे. म्हणजे १९६० साली निघालेल्या रेकॉर्डवरचा तो हक्क २०२० अखेर संपला. दुसऱ्याचे ओढू नये, आपले झाकू नये. काल्याचा प्रसाद कुणी शिंक्यावर बांधून ठेवतो का?

रामकृष्णहरि!