मनोरुग्णालयाची भिंत आणि रुग्णाचे घर

घरातील कर्ता मुलगा एकाएकी अबोल होतो, रात्र रात्र जागतो, कोणीतरी आपल्या मागावर आहे असे म्हणू लागतो. अशा वेळी घरची माणसे प्रथम देवऋषाकडे वा एखाद्या देवस्थानी जातात. मनोरुग्णालयाची पायरी बहुधा सर्वांत शेवटी चढली जाते. हे केवळ अज्ञान होय, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु या भीतीला इतिहासही आहे.

१८५८ साली कंपनीची सत्ता राणीकडे गेली आणि त्याच वर्षी वेड्यांच्या इस्पितळांसंबंधीचा कायदा झाला. भटकणाऱ्या वेडसर माणसास पोलिसांनी पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे आणि त्याच्या हुकुमाने इस्पितळात ठेवावे, अशी त्याची रीत होती. १९१२ च्या कायद्यानेही हीच चौकट राखली आणि स्वातंत्र्यानंतर चार दशकांहून अधिक काळ, १९९३ पर्यंत, ती चालू राहिली. रुग्णाची प्रकृती सुधारावी यापेक्षा समाजाला त्याचा उपद्रव होऊ नये, हा या व्यवस्थेचा हेतू होता. उंच भिंती, कुलूपबंद कोठड्या आणि फाटकापाशीच थांबणारे नातलग हे सारे त्यातूनच आले. फौजदारी वहिवाटीने रुग्ण ज्या घरात नेला जातो, ते घर लोकांना दवाखाना कसे वाटावे?

या भिंतीला पहिले मोठे खिंडार अमृतसर येथे पडले. तेथील मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या आप्तांना आवारातच तंबू ठोकून राहू दिले. आई किंवा भाऊ रुग्णाजवळ राही, त्याला भरवी, उपचार डोळ्यांनी पाही आणि परतताना आजाराची समज घरी नेई. आपल्या कुटुंबपद्धतीचे हे बळ परकीय नमुन्याच्या इस्पितळाने वाया घालविले होते.

भाषेचाही प्रश्न आहेच. खेड्यातील स्त्री ‘मला नैराश्य आले आहे’ असे सांगत नाही. छातीत धडधडते, जीव कशात लागत नाही, अंगात आग होते, असे ती सांगते. इंग्रजी ग्रंथांवर शिकलेल्या डॉक्टरास हे बोलणे उलगडावे लागते.

मात्र जुने ते सारे रुग्णाच्या हिताचे, असेही नव्हे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका आश्रयगृहास आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. तेथे भिंत सरकारी नव्हती, एवढेच.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. भटकणाऱ्या रुग्णास पोलिसांनी आता कोठडीत वा तुरुंगात न ठेवता चोवीस तासांच्या आत नजीकच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावयाचे आहे. एखाद्या घरात रुग्णाचा छळ किंवा हेळसांड होत असल्यास त्याची माहिती पोलीस ठाण्यास कोणालाही देता येते. गावातील शिक्षकास आणि पंचायत सदस्यासही.